काळा रंग कुठून येतो

प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. त्याच्याजवळ फक्त उजेड असतो, आणि उजेड टाकून काळं करायची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. नायिकेचे केस, रात्रीचं आभाळ, खलनायकाचा कोट असं पडद्यावर जे काही काळं दिसतं, तो प्रोजेक्टरने उजेड टाकायचं टाळलेला पडद्याचा भाग असतो. खोलीतला दिवा लावला की तो भाग खरोखर किती काळा आहे ते लगेच कळतं. पडदा पांढरा असेल तर तोही पांढराच असतो.

तरीही घरी होम थिएटर करायला निघालेला माणूस महिनोन्‌महिने प्रोजेक्टरच्या मॉडेलांची तुलना करतो, ल्युमेनचे आकडे पाठ करतो, फोर-के घ्यावं की फुल एचडीवर भागवावं यावर मित्रांशी वाद घालतो, आणि शेवटी उरलेल्या पैशांत मिळेल तो पडदा आणतो. कुणी कुणी तर भिंतीवरच भागवतात. या सवयीचं मूळ पडद्याच्या इतिहासात आहे. अडीचशे-तीनशे वर्षं लोकांनी पडद्याकडे एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे जास्त उजेड. काळोख मागायची वेळ फार उशिरा आली, आणि बाजारातली बोली अजून जुन्याच मागणीवर चालते.

पडद्याची दोन घराणी आहेत. पहिलं उजेड आरपार जाऊ देणाऱ्या पडद्याचं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले कलाकार चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात, त्यात हाच पडदा असतो: ताणलेलं पांढरं कापड, मागे दिवा, दोहोंच्या मधे बाहुली. तिथे बाहुली उजेड अडवते, म्हणून सावली सहज मिळते. दुसरं घराणं उजेड परत फिरवणाऱ्या पडद्याचं. हॉलंडच्या क्रिस्तियान हायगेन्सने १६५९ च्या सुमारास जादूचा कंदील तयार केला. दिवा, रंगवलेली काच आणि भिंग अशी त्याची मांडणी होती, आणि चित्र समोरच्या भिंतीवर किंवा चादरीवर पडायचं. तेलाच्या दिव्याचा उजेड तो केवढा! त्यातला बराचसा काच आणि भिंगच खाऊन टाकत.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये रॉबर्टसन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एत्येन-गास्पार रोबेरने या कंदिलाला चाकं लावून तो पडद्याच्या मागे नेला. कापूचिन पंथाच्या जुन्या मठात तो भुताखेतांचे खेळ करी. पडदा पातळ कापडाचा, मेण लावून अर्धपारदर्शक केलेला. प्रेक्षकांना आधी मिट्ट काळोखात बसवलं जाई, त्यामुळे समोर पडदा आहे हेच त्यांना दिसत नसे. हवेत एक चेहरा उमटून अंगावर येतोय असं वाटे. आजच्या होम थिएटरवाल्यांनी हेवा करावा अशी ती खोली होती. दिवा मिणमिणता होता, पण काळं खरोखर काळं होतं.

आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी आणि त्यांच्या मुलांनी १८९० च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरच्या हातरंगी चित्रांचे खेळ केले. पौराणिक कथा, जोडीला निवेदन आणि संगीत. पुढे चित्रं हलू लागली, प्रेक्षक वाढले आणि पडदा मोठा करणं भाग पडलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ल्युमिएर बंधूंनी सुमारे वीस मीटर रुंदीचा पडदा उभारला आणि तो पाण्याने भिजवला. ओलं कापड थोडा उजेड आरपार सोडतं आणि थोडा परतवतं, त्यामुळे पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसलेल्यांना चित्र दिसलं. जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये पडद्यामागे बसून अक्षरं उलटी वाचत सिनेमा पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

या सगळ्या खटपटीमागचं गणित मात्र त्याआधीच मांडलेलं होतं. योहान हाइनरिख लॅम्बर्टने १७६० च्या ‘फोटोमेट्रिया’ या ग्रंथात दाखवलं की पूर्ण मॅट पृष्ठभाग उजेड सगळीकडे अशा रीतीने विखुरतो की कुठल्याही कोनातून पाहिलं तरी तो सारखाच उजळ दिसतो. सिनेमाच्या पडद्याचा उजळपणा अजूनही याच लॅम्बर्टच्या नावाने, फूट-लॅम्बर्टमध्ये मोजतात. पडद्याच्या खोक्यावर ‘गेन’ नावाचा जो आकडा असतो त्याचं मूळही इथेच आहे. मॅग्नेशियम कार्बोनेटचा पांढराशुभ्र ठोकळा म्हणजे गेन १. पडदा समोरून त्याच्या दुप्पट उजळ दिसला तर त्याचा गेन २.

दुकानात हा आकडा असा सांगतात की पडद्यातूनच उजेड उत्पन्न होतोय असं वाटावं. पडदा उजेड निर्माण करत नाही. पंगतीत कडेच्या पानांतलं काढून मधल्या पानांत वाढावं, तसं तो करतो. समोर बसणाऱ्याला दुप्पट मिळतं, कारण बाजूला बसणाऱ्याचं कमी झालेलं असतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थिएटरवाल्यांनी हा सौदा आनंदाने केला. कार्बनच्या कांड्यांमधल्या ठिणगीचा उजेड लांबलचक हॉलच्या टोकापर्यंत पोचवायचा होता, म्हणून पडद्यांना ॲल्युमिनियमच्या भुकटीचा रंग चढला. १९०९ मध्ये शिकागोत ॲडेल डे बेरी या बाईंनी डा-लाइट ही पडद्यांची कंपनी सुरू केली, त्या नावाचे पडदे अजून विकले जातात. धातूचा मुलामा दिलेला पडदा थोडा आरशासारखा वागतो. उजेड ज्या कोनातून येतो त्याच कोनातून पलीकडे जातो. मधोमध बसलेल्यांना लखलखीत चित्र, कडेच्या खुर्च्यांना मळकट, आणि पडद्याच्या मध्यभागी एक उजळ डाग.

त्याच सुमारास दुसरा उपाय आला काचेच्या बारीक मण्यांचा. मणी आरशाच्या उलट वागतो. उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवतो. तिपाईवर उभा राहणारा, गुंडाळून नेता येणारा मण्यांचा पडदा शाळांत आणि १६ मिलिमीटरवर घरगुती फिल्म दाखवणाऱ्या कुटुंबांत फार चालला, कारण तिथे प्रोजेक्टर टेबलावर, प्रेक्षकांच्या मधोमध असे. उजेड परत यायचा तो बघणाऱ्यांच्याच डोळ्यांत. आता तोच पडदा छताला टांगलेल्या प्रोजेक्टरसमोर लावा: उजेड परत छताकडे जाईल आणि सोफ्यावरच्यांना गेनचा जेमतेमच फायदा मिळेल. छतावरून खाली येणाऱ्या उजेडाला आरशासारख्या वागणाऱ्या पडद्यावरून सोफ्यापर्यंत पोचता येतं. पडद्याचा गेन विचारण्याआधी प्रोजेक्टर कुठे बसणार हे विचारायला हवं, आणि हा प्रश्न विचारणारा विक्रेता मिळाला तर त्याला धरून ठेवावं.

१९२७ मध्ये ‘द जाझ सिंगर’ने सिनेमा बोलका केला आणि पडद्यावर नवीच आपत्ती आली. आवाज पात्राच्या तोंडातून यायचा तर लाउडस्पीकर पडद्यामागे हवा, आणि जाड, रंग दिलेलं कापड तो आवाज दाबून टाकतं. म्हणून पडद्याला हजारो बारीक भोकं पाडली गेली. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, तोवर बोलपटांच्या थिएटरांत पडद्यामागचा स्पीकर हीच जगभरची रीत होऊ लागली होती. भोकांतून थोडा उजेड वाया जातो, पण वीस फुटांवरून ती दिसत नाहीत. घरी आपण आठ-दहा फुटांवर बसतो, तिथे ती दिसू शकतात. शिवाय भोकांची जाळी आणि डिजिटल चित्रातल्या ठिपक्यांची जाळी एकमेकींवर बसली की नसलेल्या लाटा उमटतात. म्हणून घरगुती पडद्यांत भोकं आणखी बारीक झाली, किंवा भोकांऐवजी विणलेलं कापड आलं.

पडद्याच्या इतिहासातलं सगळ्यात शिकवणारं प्रकरण माझ्या मते सिनेरामाचं. ३० सप्टेंबर १९५२ ला न्यूयॉर्कमध्ये तीन प्रोजेक्टर एकदम चालवून १४६ अंशांत वळवलेल्या प्रचंड पडद्यावर हा खेळ सुरू झाला. इतका वळलेला पडदा स्वतःचाच शत्रू असतो. डाव्या टोकाला पडलेला उजेड विखरून उजव्या टोकावर जातो, उजवीकडचा डावीकडे, आणि दोन्ही बाजूंचं चित्र फिकं पडतं. त्यावर उपाय म्हणून तो पडदा एकसंध ठेवलाच नाही. अकराशेहून अधिक उभ्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी प्रेक्षकांकडे किंचित वळवलेली. एका बाजूचा उजेड दुसऱ्या बाजूच्या पट्ट्यांच्या पाठीवर आदळायचा आणि तिथेच संपायचा. चित्र बिघडवणारा उजेड बाहेरूनच येतो असं नाही, तो पडद्यावरून उठूनही परत येतो, हे इथे कुणीतरी प्रथमच एवढा खर्च करून मान्य केलं.

आपल्या दिवाणखान्यातला पडदा सपाट असतो, पण त्याच्या दोन्ही बाजूंना ऑफ-व्हाइट भिंती असतात आणि डोक्यावर दुधासारखं फॉल्स सीलिंग. मॅट पडदा लॅम्बर्टच्या नियमाप्रमाणे उजेड चहूकडे फेकतो. छत आणि भिंती तो परत पडद्यावर आणून टाकतात. संपूर्ण दृश्यच अंधारं असेल तेव्हा हे फारसं जाणवत नाही. खिडकीतून ऊन येतंय आणि कोपऱ्यात काळ्या साडीतली बाई बसली आहे, अशा चौकटीत ती साडी राखाडी होते. पडद्यावर मोठी रक्कम घालून छत पांढरं ठेवणाऱ्यांची मला गंमत वाटते. पडद्याजवळचं दोन-तीन फूट छत आणि बाजूच्या भिंती गडद, चकाकी नसलेल्या रंगाने रंगवल्या तर तेवढ्याच पैशांत घेतलेल्या नव्या प्रोजेक्टरपेक्षा जास्त फरक पडतो. घरातल्या मंडळींना हे पटवणं हा वेगळा विषय.

रुंद चित्राचा सिनेमास्कोप १९५३ मध्ये आला तो ‘मिरॅकल मिरर’ नावाचा नक्षीदार, चमकणारा पडदा बरोबर घेऊन. आदल्याच वर्षी ‘ब्वाना डेव्हिल’ने थ्री-डीची लाट आणली होती. पोलराइज्ड चष्म्याच्या थ्री-डीला धातूचा मुलामा असलेलाच पडदा लागतो, कारण साधा पांढरा पडदा दोन डोळ्यांसाठी वेगळी केलेली चित्रं पुन्हा एकमेकांत मिसळून टाकतो. आपल्याकडे १९८४ चा ‘माय डिअर कुट्टिचातन’, जो पुढे हिंदीत ‘छोटा चेतन’ म्हणून दाखवला गेला, तोही चष्मे घालूनच पाहायचा होता. २००९ च्या ‘अवतार’नंतर हा चंदेरी मुलामा मल्टिप्लेक्सांत परतला आणि बऱ्याच ठिकाणी साध्या सिनेमांसाठीही तसाच राहिला. मधोमध उजळ आणि कोपऱ्यात अंधारलेला सिनेमा दिसला तर दोष दर वेळी छायालेखकाचा नसतो.

घरातल्या मोठ्या चित्राची सुरुवात हेन्री क्लॉसने केली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या ॲडव्हेंट कंपनीने तीन ट्यूबचा व्हिडिओबीम हा प्रोजेक्टर काढला. उजेड इतका कमी की सोबत सात फुटी, आतल्या बाजूला वळलेला, ॲल्युमिनियमसारखा चकाकणारा पडदा द्यावा लागला. उभं राहून पाहिलं की चित्र जवळजवळ नाहीसं व्हायचं. पुढे अशा ट्यूबवाल्या प्रोजेक्टरांचा काळ वीसेक वर्षं चालला. लाल, हिरवी, निळी अशा तीन ट्यूब शेजारी शेजारी बसवलेल्या असत, त्यामुळे प्रत्येक रंग वेगळ्या कोनातून पडद्यावर येई. गेन जास्त असला की डावीकडे बसणाऱ्याला तांबूस आणि उजवीकडच्याला निळसर चित्र दिसे. जाणकारांनी त्या काळात हळूहळू गेन कमी केला आणि १.३ च्या आसपास आणून ठेवला. कॅलिफोर्नियातल्या स्टुअर्ट फिल्मस्क्रीनचा स्टुडिओटेक १३० हा पडदा त्याच तडजोडीचं फळ. उजेडाची हाव पडद्याने पहिल्यांदा सोडली ती इथे.

याच ट्यूबवाल्यांनी कॅलिब्रेशन, म्हणजे चित्र ठरलेल्या मापाशी जुळवून घेणं, घरात आणलं. मोजमापाचा पाया जुना होता: माणसाच्या डोळ्याला दिसणारे रंग आकड्यांत मांडण्याची पद्धत १९३१ मध्ये ठरली, आणि पुढे पांढरा म्हणजे कोणता पांढरा याचंही उत्तर डी-६५ या नावाने ठरलं. साधारण ढगाळ दुपारचा, सुमारे ६५०० केल्विनचा तो पांढरा. स्टुडिओत हे सगळं पाळलं जाई. दूरदर्शनवर कार्यक्रम सुरू होण्याआधी दिसणारे रंगीत पट्टे त्यासाठीच होते, प्रेक्षकांना वाट पाहायला लावण्यासाठी नव्हे. मात्र घरातल्या यंत्राचे स्क्रू कुणी त्या पट्ट्यांप्रमाणे फिरवत नसे. अमेरिकेत जो केनने १९८९ मध्ये ‘अ व्हिडिओ स्टँडर्ड’ नावाची लेझरडिस्क काढली, ती या कामासाठी. १९९४ मध्ये त्याने आणि जोएल सिल्व्हरने इमेजिंग सायन्स फाउंडेशन स्थापन केलं आणि पैसे घेऊन घरोघरी प्रोजेक्टर जुळवून देणारा एक नवा कारागीर जन्माला आला.

त्याच्या कामाचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो रंगांना शेवटी हात लावतो. आधी काळं ठरवायचं, आणि त्याचा खटका प्रोजेक्टरवर ‘ब्राइटनेस’ या नावाने असतो. कसोटीच्या चित्रात काळ्याहून अगदी किंचित उजळ आणि किंचित गडद अशा पट्ट्या असतात. उजळ पट्टी जेमतेम दिसावी, गडद पट्टी नाहीशी व्हावी. खटका वर राहिला तर रात्र धुरकट होते, खाली गेला तर केसांतल्या बटा बुडतात. मग ‘कॉन्ट्रास्ट’ने पांढऱ्याची वरची मर्यादा. त्यानंतर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या सगळ्या करड्या छटा एकाच डी-६५ वर आणायच्या. इथे मोजयंत्र भिंगाकडे न धरता पडद्याकडे वळवायचं असतं, कारण पडद्याचाही स्वतःचा रंग असतो. स्वस्त पडदा किंचित निळसर, वीस वर्षं सिगारेटच्या धुरात राहिलेला पिवळा, आणि ‘पांढरी’ म्हणून रंगवलेली भिंत बहुधा मोतिया. पडदा बदलला की आधीचं कॅलिब्रेशन रद्द झालं असं समजावं. दिवा जुना झाला तरी तेच: नेहमीच्या पारायुक्त दिव्याचं आयुष्यच मुळी त्याचा उजेड निम्म्यावर येईपर्यंत धरलेलं असतं.

या कामात उजेड हरवतो, आणि लोक बिचकतात ते तिथेच. दुकानातला ‘डायनॅमिक’ मोड हिरवट असतो, कारण त्या दिव्यात हिरवा भरपूर आणि लाल कमी. पांढरा खरा पांढरा करायचा तर हिरवा कापावा लागतो, आणि खोक्यावरचे ल्युमेन निम्म्यावर आले तर नवल नाही. पण मुळात लागतं किती? १०० इंची पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस फूट. त्यावर कॅलिब्रेशननंतरचे १००० ल्युमेन पडले आणि गेन १ असला तर जवळपास ३३ फूट-लॅम्बर्ट मिळतात. डिजिटल थिएटरचं प्रमाण १४ आहे. अंधाऱ्या खोलीत हे दुपटीहून जास्त झालं. तोच प्रोजेक्टर १५० इंचांवर न्या: क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, उजळपणा १५ वर येतो. ‘होऊन होऊन दीड पटच तर मोठा’ म्हणणाऱ्याचं गणित इथे चुकतं.

ट्यूब गेल्या आणि उजेडाचा दुष्काळ संपला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेकने १९८७ मध्ये चिमुकल्या हलत्या आरशांची चिप केली. १९९६ पासून तिचे प्रोजेक्टर बाजारात आले. उजेड मुबलक, पण तो पूर्ण अडवता येईना, आणि अंतराळ राखाडी दिसू लागलं. तेव्हा, २००० च्या आसपास, घरात करडा पडदा आला. पडद्याला जाणूनबुजून मळवण्याची ही पहिलीच वेळ. विकणारे सांगतात की करडा पडदा कॉन्ट्रास्ट वाढवतो. नुसता करडा मॅट पडदा प्रोजेक्टरचा काळा आणि पांढरा दोन्ही सारखेच खाली आणतो. खिडकीतून थेट येणाऱ्या उजेडाचंही तसंच, चित्र आणि उजेड दोन्ही एका मापाने घटतात. फायदा होतो तो भिंतींवरून परतणाऱ्या उजेडात. चित्राचा उजेड पडद्यावर एकदाच आपटून डोळ्याकडे येतो, परतलेला उजेड दोनदा. गेन ०.८ असेल तर चित्र ०.८ वर येतं आणि परतलेला उजेड ०.६४ वर. म्हणजे जिथे छत रंगवायला परवानगी मिळत नाही, तिथे करडा पडदा काही अंशी भरपाई करतो.

खिडकीचा आणि दिव्यांचा उजेड खरोखर हटवायचा तर पडद्याला दिशा कळावी लागते, आणि इथे सिनेरामाच्या पट्ट्यांचे वंशज दिसतात. भिंतीलगत जमिनीवर बसून वर उजेड टाकणाऱ्या लेझर प्रोजेक्टरांसाठी जे पडदे मिळतात, त्यांवर करवतीच्या दात्यांसारख्या आडव्या सूक्ष्म धारा असतात. दात्याची खालची बाजू प्रोजेक्टरचा उजेड प्रेक्षकाकडे वळवते. वरची बाजू काळी, छताच्या दिव्यांचा उजेड गिळणारी. हाच पडदा छताला टांगलेल्या प्रोजेक्टरसमोर लावला तर तो चित्रच गिळून टाकेल. फ्लेक्सचा तुकडा ताणून काम भागवणाऱ्यांनी या प्रोजेक्टरच्या वाटेला जाऊ नये. इतक्या तिरक्या उजेडात कापडाची बारीकशी चुणीही लाटेसारखी दिसते.

एचडीआरने, म्हणजे उजेडाचा पल्ला फार वाढवलेल्या चित्राने, कॅलिब्रेशनची घडी पुन्हा विस्कटली आहे. २०१४ मध्ये प्रमाण ठरलेली त्याची पद्धत दर चौरस मीटरला १०,००० कँडेलापर्यंतचा उजळपणा गृहीत धरते, घरातला पडदा शंभराच्या आसपास असतो. त्यामुळे किती उजेड दाबायचा आणि कुठे दाबायचा हे प्रत्येक कंपनीचं सॉफ्टवेअर आपल्या मनाने ठरवतं, आणि कारागिराला ते आकड्यांपेक्षा नजरेने तपासावं लागतं.

काही थिएटरांनी मात्र वेगळीच वाट धरली आहे. २०१७ मध्ये सेऊलच्या एका थिएटरात सॅमसंगने एलईडीची भिंत सिनेमाचा पडदा म्हणून बसवली; नंतर अशा काही भिंती भारतातही आल्या. तिच्यात प्रोजेक्टर नाही, गेन नाही, आणि काळं हवं तिथे दिवा बंद करता येतो. पण स्पीकर ठेवायला मागे जागा राहिली तरी अशा बहुतेक भिंतींतून आवाज आरपार येत नाही. म्हणून संवाद वरून आणि बाजूंनी टाकून ते नटाच्या तोंडातून आल्यासारखे ऐकू यावेत, यासाठी आता आवाजाचे इंजिनिअर झटत आहेत.